मांजर जन्मानंच वाईट असतं का?

पुण्याहून एका आईचं पत्र आलं आहे:

"ताई, नमस्कार. माझा मुलगा अकरा वर्षांचा, सहावीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे गेला होता, तिथून 'माऊस' नावाचं एक जाडजूड इंग्रजी कॉमिक घेऊन आला. वर उंदरांची चित्रं, म्हणून मी फारसं लक्ष दिलं नाही. आठवड्यानं चाळून पाहिलं तर आत हिटलर, ज्यू, छळछावणी, फाशी! तोवर त्याचं अर्धं वाचून झालं होतं. गेल्या दोन रात्री तो बाथरूमचा दिवा चालू ठेवायला सांगतो, पण पुस्तक द्यायला तयार नाही. त्याचे बाबा म्हणतात, इतका गंभीर विषय आणि कॉमिकमध्ये? हा त्या माणसांचा अपमान आहे, नववी-दहावीत वाचेलच की. सासूबाई म्हणतात, परक्या देशातलं दुःख पोराच्या डोक्यावर कशाला, आपल्याकडे काय कमी आहे? आणि तो मला विचारतो, 'आई, उंदीर पळून का नाही गेले? मांजरं सगळीच वाईट असतात का?' मलाच या विषयातलं फार कळत नाही. धाकटी सहा वर्षांची आहे, तीही येऊन डोकावते. पुस्तक काढून घेऊ का?"

पुस्तक काढून घेऊ नका. तो अर्ध्यावर आहे, म्हणजे गोष्टीतल्या सगळ्यात अंधाऱ्या जागी उभा आहे. तिथून पुस्तक ओढून घेतलंत तर पुढचं तो मनानं रचेल, आणि मुलांनी मनानं रचलेलं भय कुठल्याही छापील पानापेक्षा मोठं असतं. मात्र आजपासून त्यानं ते एकट्यानं वाचायचं नाही. त्याच्या शेजारी बसा. दिवसा बसा, रात्री झोपायच्या आधी नको. एका बैठकीला एक प्रकरण, आणि ते संपलं की पुस्तक मिटून दोघं मिळून काहीतरी हातांनी करायचं काम करा, भाजी निवडा, सायकल पुसा. तुम्हाला विषय ठाऊक नाही याची लाज बाळगू नका. "मलाही माहीत नाही, चल, शोधू" असं म्हणणारी आई मुलाला सगळं माहीत असलेल्या आईपेक्षा जास्त धीर देते.

बाबांची शंका मी आदरानं घेते, कारण एके काळी मीही तशीच होते. मी पंचवीस वर्षं इतिहास शिकवला. सुरुवातीच्या वर्षांत आठवीच्या वर्गात मी छळछावणीतले फोटो दाखवले होते, प्रेतांच्या राशींचे. इतिहास गुळगुळीत करून सांगायचा नाही, असा माझा बाणा होता. मागच्या बाकावरची दोन मुलं हसली, घाबरलेली मुलं हसतात तशी. पुढच्या बाकावरची एक मुलगी उठून बाहेर गेली आणि नंतर तीन दिवस शाळेत आली नाही. त्या फोटोंतून माझ्या वर्गाला एकाही माणसाचं नाव कळलं नाही. मेलेली माणसं कोण होती, त्यांना काय आवडायचं, ती कुणाशी भांडायची, काही नाही. मारणाऱ्यांनी त्यांना जसं पाहिलं तसंच मीही मुलांना दाखवलं, एक ढीग म्हणून. ती चूक मी पुन्हा केली नाही.

चित्रकथेत हे टाळता येतं. काय दाखवायचं आणि काय दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत सोडायचं, हे चित्रकार ठरवतो. आणि वाचणारं पोर आपल्या वेगानं जातं. सिनेमा थांबत नाही, पान मात्र थांबतं. तुमचा मुलगा एखाद्या चौकटीवर पाच मिनिटं खिळून राहिला तर त्याचं मन तेवढं पचवत असतं, त्याला घाई करू नका.

आणि अपमानाचं म्हणाल, तर बाबांना हॉर्स्ट रोझेन्थालबद्दल सांगा. हा तरुण जर्मन ज्यू हिटलरच्या नाझी पक्षापासून पळून फ्रान्समध्ये आला होता. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधल्याच गुर्स नावाच्या छावणीत त्याला डांबलं. तिथे १९४२ मध्ये त्यानं एक छोटी चित्रपुस्तिका काढली, 'मिकी गुर्सच्या छावणीत'. मिकी माउसला पोलीस पकडतात, कागद दाखव म्हणतात, त्याच्याकडे कागद नसतात, मग छावणी, पावाचा एवढासा तुकडा, चिखल. मुखपृष्ठावर त्यानं लिहून ठेवलं आहे की वॉल्ट डिस्नेच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध. शेवटी मिकी म्हणतो की मी तर रेषांचाच आहे, आणि खोडरबरानं स्वतःला पुसून अमेरिकेला निघून जातो. रोझेन्थाललाच तसं पुसून निघता आलं नाही. त्याच वर्षी त्याला ऑश्विट्झला, म्हणजे पोलंडमधल्या नाझींच्या मृत्युछावणीत, पाठवून मारण्यात आलं. पुस्तिका उरली. छावणीतल्या माणसानंच स्वतःच्या हालांसाठी उंदीर आणि चौकटी निवडल्या होत्या. मग या विषयाला कॉमिक शोभत नाही असं आपण कुठल्या अधिकारानं म्हणायचं?

आता 'माऊस'. जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ उंदीर. आर्ट स्पीगलमन या अमेरिकन चित्रकारानं आपल्या वडिलांकडून, व्लादेककडून, त्यांची हकिकत टेपवर बोलून घेतली आणि तेरा वर्षं खपून चितारली. पहिला भाग १९८६ चा, दुसरा १९९१ चा. १९९२ मध्ये त्याला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. व्लादेक आणि आन्या हे पोलंडमधलं ज्यू जोडपं ऑश्विट्झमधून जिवंत परतलं. पुस्तकात ज्यू म्हणजे उंदीर, जर्मन म्हणजे मांजरं, पोलिश माणसं डुकरं, अमेरिकन कुत्रे. एवढं कळलं की मुलाला वाटतं, आपल्याला सगळं कळलं. खरी अडचण इथूनच सुरू होते, आणि तुमच्या मुलानं नेमकं तिच्यावर बोट ठेवलंय.

मांजर उंदराला खातं, तो त्याचा स्वभाव. त्याचा राग धरता येत नाही. मग जर्मनांनी ज्यूंना मारलं तेही स्वभावानंच? तर मग कुणाचाच दोष नाही! मुलाच्या डोक्यात हे असं बसलं तर पुस्तक वाचून नुकसानच झालं म्हणायचं. म्हणून या एका प्रश्नाला वेळ द्या, बाकी काही राहिलं तरी चालेल.

मुळात ज्यूंना उंदीर म्हटलं ते नाझींनी. सिनेमांतून, पत्रकांतून, व्यंगचित्रांतून ते वर्षानुवर्षं सांगत राहिले की ही माणसं नाहीत, ही घाण आहे, ही कीड आहे. पुस्तकाच्या अगदी आरंभीच हिटलरचं त्या अर्थाचं एक वाक्य छापलंय, ते त्याला दाखवा. ऑश्विट्झमध्ये ज्या विषारी वायूनं माणसं मारली ते मूळचं किडे-उंदीर मारायचं औषध होतं, हे मी तुम्हाला सांगते. त्याला आज सांगायची गरज नाही. आधी शब्दानं माणसाचा उंदीर केला, मग उंदराशी वागतात तसं वागले, हा क्रम मात्र अकरा वर्षांच्या मुलाला नीट कळतो. वर्गात एखाद्याला नाव पाडलं की पुढे काय काय होतं हे त्यानं रोज पाहिलेलं असतं.

स्पीगलमननं हे सोंग जागोजागी स्वतःच फाडलंय. मुलाला पेन्सिल द्या आणि 'मुखवटे शोध' म्हणा. व्लादेक आणि आन्या पोलिश असल्याचं भासवत रस्त्यानं जातात तेव्हा त्यांनी डुकराचा मुखवटा चढवलेला असतो, मागे दोरी दिसते. आन्याची तर कोटाखालून शेपटी बाहेर येते, कारण तिला बघून लोकांना संशय यायचा. दुसऱ्या भागात चित्रकार स्वतः टेबलाशी बसलाय, आणि तिथे तो उंदराचा मुखवटा बांधलेला माणूस आहे. आणखी एक जागा आहे. छावणीत एक कैदी ओरडून सांगतो, मी ज्यू नाही, तुमच्यासारखाच जर्मन आहे, कैसरनं, म्हणजे जर्मन बादशहानं, मला पदकं दिलीत. तो एका चौकटीत उंदीर आहे, दुसरीत मांजर. मग खरा कोण, असं मुलगा विचारेल. व्लादेकलाही ते ठाऊक नाही. शिपायांच्या लेखी तो ज्यू होता आणि त्यांनी त्याला मारलं, एवढंच. त्या दोन चौकटी शेजारी शेजारी ठेवून मुलाला विचारा, याचं शरीर बदललं का? बदललं नाही. मग बदललं काय? उत्तर तुम्ही देऊ नका, त्याला चार दिवस लागले तरी लागू द्या.

दुसरा प्रश्न, पळून का नाही गेले. हा प्रश्न माझ्या प्रत्येक वर्गानं विचारलाय, आणि त्याचं खरं उत्तर 'एका दिवसात झालं नाही' असं आहे. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. त्या एप्रिलमध्ये ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार. १९३५ मध्ये नागरिकत्व गेलं. मग बागेतल्या या बाकावर बसायचं नाही, पोहायच्या तलावावर यायचं नाही. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये ज्यू मुलांना जर्मन शाळांतून काढलं. १९४२ मध्ये ज्यूंना घरात कुत्रं-मांजर पाळायलाही बंदी झाली. हे शेवटचं मुलं कधी विसरत नाहीत. प्रत्येक पायरीवर घरातली मोठी माणसं म्हणत होती, एवढंच ना, सोसू, जाईल हेही. घर, दुकान, म्हातारे आईवडील सोडून उठायचं कधी, हे कळत नाही. तुमच्या सासूबाईंना विचारा, त्यांना हे पटेल.

आणि जायचं कुठे? १९३९ च्या मे महिन्यात हॅम्बुर्गहून 'सेंट लुईस' नावाचं जहाज ९३७ प्रवासी घेऊन क्यूबाला निघालं, बहुतेक सगळे ज्यू. क्यूबानं मोजक्या लोकांनाच उतरू दिलं. अमेरिकेनं दार उघडलं नाही. किनाऱ्यावरचे दिवे दिसत होते, आणि जहाज उलटं युरोपला फिरलं. त्या प्रवाशांपैकी २५४ जण पुढे नाझींच्या हातून संपले. म्हणजे पुष्कळ जण पळाले होते, पळून पोचायला जागा नव्हती. काही थोडे आपल्या मुंबईतही आले. वॉल्टर कॉफमन हा संगीतकार १९३४ मध्ये मुंबईला आला, पुढे आकाशवाणीत नोकरीला लागला. सकाळी आकाशवाणी सुरू होताना वाजायची ती व्हायोलिनची धून त्याच्याच नावावर आहे. सासूबाईंनी ती शेकडो वेळा ऐकली असेल. त्यांनाच ती नातवाला गुणगुणून दाखवायला सांगा. त्या म्हणतात ना, परक्या देशातलं दुःख? ते त्यांच्या माजघरातल्या रेडिओपर्यंत आलं होतं.

आता जपायच्या जागा. तुम्ही स्वतः आज रात्री पुस्तक शेवटपर्यंत वाचून काढा. पहिल्या भागात चित्रकाराच्या आईच्या आत्महत्येची एक वेगळीच, काळीकुट्ट चित्रकथा मधे येते. तिथे प्राण्यांचे चेहरे नाहीत, माणसं आहेत. ती पानं मी अकरा वर्षांच्या मुलाला सध्या वगळायला सांगेन, आणि वगळतोय हे लपवून करू नका. "ही चार पानं आपण आठवी-नववीत वाचू" असं सरळ सांगा. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या एका शिक्षण मंडळानं २०२२ मध्ये हे पुस्तक आठवीच्या अभ्यासक्रमातून काढलं. कारणं दिली ती शिव्यांची आणि एका छोट्याशा नग्न चित्राची. इंग्रजी शिव्या तुमच्या मुलानं याआधीच ऐकल्या आहेत. काळजी करायची ती इतर गोष्टींची.

त्यातली सगळ्यात मोठी म्हणजे रिशू. व्लादेक आणि आन्याचा पहिला मुलगा. तो सुरक्षित राहावा म्हणून त्याला मावशीकडे ठेवलं होतं. तिथल्या सगळ्यांना ऑश्विट्झला न्यायची वेळ आली तेव्हा त्या मावशीनं स्वतः विष घेतलं आणि मुलांनाही दिलं. रिशू तेव्हा साधारण तुमच्या धाकटीच्या वयाचा. तुमचा मुलगा हे बोलून दाखवणार नाही, पण हिशेब त्याच्या मनात झालेला असणार. बाथरूमचा दिवा त्यासाठी असू शकतो. म्हणून त्या पानानंतर त्याला उगाच "घाबरू नकोस" म्हणू नका. "तुला छोटीची आठवण आली का?" असं विचारा आणि थांबा. रडला तर रडू द्या. दिवा महिनाभर लागला तरी विजेचं बिल फार येत नाही.

रिशूचा फोटो दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला आहे. इतकी सगळी उंदरांची तोंडं बघून झाल्यावर अचानक खऱ्या लहान मुलाचा चेहरा समोर येतो. साठ लाख ज्यू मारले गेले, त्यात पंधरा लाखांच्या आसपास मुलं. हे आकडे मुलाला जरूर सांगा, पण त्या फोटोनंतर सांगा. आधी सांगितलेत तर ते गणिताच्या वहीतल्या आकड्यांसारखेच वाटतील.

आणखी एक प्रसंग चुकवू नका. म्हातारा व्लादेक गाडीत बसलाय, सुनेनं रस्त्यावरच्या एका काळ्या माणसाला गाडीत घेतलं म्हणून तो संतापतो, हे लोक चोर असतात म्हणतो. सून थक्क होते, तुम्ही हे बोलता? तुम्ही? मला वाटतं, सहावीतल्या मुलासाठी अख्ख्या पुस्तकातलं हे सर्वांत मोलाचं पान आहे. ज्यानं सोसलं तो त्यामुळे शहाणा होतोच असं नाही. व्लादेक चिक्कू आहे, भांडखोर आहे, मुलाला नको नको करतो, आणि तरीही त्याच्यावर झालेला अन्याय तसूभर कमी होत नाही. मुलांना वाटतं की दया फक्त चांगल्या माणसाचीच करायची असते. इथे ती समजूत मोडते.

सासूबाई म्हणतात आपल्याकडे काय कमी आहे. कमी नाहीच. फाळणी आहे, आणि गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांची हजारो वर्षं आहेत. पण वाचायला सुरुवात करतानाच "हे आपल्याकडच्या अमुकसारखं" असं म्हणू नका. एकाचं दुःख दुसऱ्याच्या तागडीत घातलं की दोन्हींचं वजन कळेनासं होतं. ही घटना आधी तिच्या जागी, पोलंडमध्ये, त्या माणसांच्या नावांसकट उभी राहू द्या. पुढे कधीतरी तो आपणहून म्हणाला की, आई, आपल्याकडेही काही लोकांना पाण्याला शिवू देत नव्हते ना, तर गप्प बसवू नका. त्या दिवशी बाबासाहेबांनी चवदार तळ्यावर काय केलं ते सांगा.

नववीपर्यंत थांबायला मी नाही म्हणते त्याचं एक कारण आपल्याच रस्त्यावर आहे. फूटपाथवर, रेल्वे स्टेशनवर हिटलरचं आत्मचरित्र यशाचा मंत्र देणाऱ्या पुस्तकांच्या रांगेत मांडलेलं असतं. कडक सरांना मुलं कौतुकानं 'हिटलर' म्हणतात, आणि मोठी माणसं शिस्त शिस्त करत मान डोलावतात. तुमच्या मुलाच्या कानावर ते नाव आधीच पडलंय. नववी येईपर्यंत ते कौतुकासकट पक्कं झालेलं असेल. त्याआधी त्याला रिशू भेटलेला बरा.

आणि ज्यू म्हणजे पुस्तकातलेच कोणीतरी, असं त्याला वाटू देऊ नका. एखाद्या रविवारी कॅम्पातलं लाल देऊळ बाहेरून दाखवा. ते १८६७ सालचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. अलिबागकडे गेलात तर शनवार तेल्यांची गोष्ट सांगा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, घरात मराठी बोलणारे, गावांवरून आडनावं घेतलेले आपले बेने इस्रायली ज्यू. शेकडो वर्षं कोकणात राहिले, धर्मावरून त्यांच्यामागे कुणी लागलं नाही. पोलंडमधले शेजारी आणि कोकणातले शेजारी, यांत फरक का पडला, हा प्रश्न तो विचारेल. मला स्वतःला त्याचं पूर्ण उत्तर अजून सापडलेलं नाही.

वाचता वाचता पुस्तक त्याला खरंच झेपत नाही असं दिसलं, जेवण तुटलं, शाळेत लक्ष लागेना, तर दोन वर्षं बाजूला ठेवा आणि मधे 'हिडन' हे कॉमिक द्या. फ्रान्समधली एक आजी रात्री नातीला आपल्या लपून काढलेल्या बालपणाची गोष्ट सांगते. चित्रं मऊ आहेत, भय आहे पण आजीच्या कुशीतलं. आणखी थोडा मोठा झाला की अ‍ॅम्स्टरडॅमच्या अ‍ॅन फ्रँक संग्रहालयानं २००७ मध्ये काढलेलं 'द सर्च'. ते टिनटिनसारख्या स्वच्छ रेषेतलं आहे, आणि त्यात मारणारे, मदत करणारे आणि नुसतं बघत राहिलेले शेजारी असे सगळे दिसतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात कुणी छावणीचं नाटुकलं बसवायचं म्हणालं, किंवा मुलाला कैदी होऊन निबंध लिहायला सांगितलं, तर नम्रपणे नकार द्या. ती भूक आणि ती थंडी खेळून कळत नाही, नुसतं कळल्यासारखं वाटतं.

राहिली धाकटी. तिच्यापासून पुस्तक उंच फळीवर ठेवा, पण ती विचारेल तेव्हा "तुझ्यासाठी नाही" म्हणून हाकलू नका आणि "उंदीर-मांजराची गोष्ट आहे" असंही सांगू नका, कारण ते खोटं आहे. "एका बाबांवर लहानपणी नाही, मोठेपणी खूप वाईट प्रसंग आला होता, तो त्यांनी आपल्या मुलाला सांगितला, आणि मुलानं तो काढून ठेवला," एवढं सांगा. सहा वर्षांच्या मुलीला ते पुरतं. बहुधा ती पुढे एवढंच विचारेल की त्या बाबांना बरं वाटलं का मग. त्याचं उत्तर तिच्या दादाला देऊ द्या. तोवर त्यानं पुस्तक संपवलेलं असेल.